गावंडे स्टेनोची दाद

नंदकुमार गावंडे यांनी जन्मात कवितेची एक ओळ लिहिली नाही, तरी अकोल्यात कविसंमेलन ठरलं की मांडववाला आणि माइकवाला यांच्या पाठोपाठ त्यांनाच निरोप जायचा. गणपतीतलं असो, कोजागिरीचं असो, कुणाच्या साठीचं असो. पहिल्या रांगेतली डाव्या कडेची खुर्ची त्यांची. मंचावर चढता चढता कवी विचारत, "स्टेनो आला का बे?" आलेला असला की कवीच्या पोटात गोळा यायचा, आणि नसला की त्याहून मोठा यायचा.

कारण गावंडे ऐकायचे. पाटबंधारे विभागात अख्खी नोकरी त्यांनी साहेबलोकांचं बोलणं लघुलिपीत उतरवून घेण्यात काढली. साहेब पान चघळत बोलो की फोनवर कुणाला झापता झापता मधेच पत्र सांगो, यांच्या कानातून अक्षर सांडत नसे. आवाज आधी कागदावर पडे, अर्थ मागून चालत येई. तोच कान कवितेला. ओळ कुठे खरी पडली आणि कुठे कवीने नुसती मान हलवून पुढे ढकलली, ते त्यांना तिथल्या तिथे कळे. खरी पडली की तोंडून "व्वा" निघे. न ठरवता, पोटातून, ढेकर यावी तसा. मग बोट वर करून, "परत, परत." कवी ओळ परत म्हणे, आणि परत म्हटलेली ओळ पहिलीपेक्षा बरी लागे. मग हॉल टाळ्या वाजवी. ओळ खोटी पडली की मात्र गावंडे वर पंख्याकडे बघत बसत. त्यांची नजर पंख्याला लागली की भल्याभल्या कवींचे कागद थरथरत.

एकदा खात्याच्या अधीक्षक अभियंत्यांनीच काव्यसंग्रह काढला. प्रकाशन ऑफिसच्या आवारात, मांडव घालून. शिपायापासून उपअभियंत्यापर्यंत सगळे वा-वा करत होते. गावंडे पहिल्या रांगेत. मांडवाला पंखा नव्हता, म्हणून ते लोंबत्या बल्बाकडे बघत बसले. पंधरवड्यात मेहकरला बदली. भांड्यांची पेटी बांधताना बायको, वसुधा, एवढंच बोलली, "एक वा म्हनलं असतं तं काय जिभेले फोडं आले असते?"

हे सगळं गावंडे हसत हसत सांगत. ऐकणारेही हसत. जमीनजुमला नसलेल्या माणसाचा हा सातबारा होता.

असा हा माणूस दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत आयर्लंडला आला, थोड्या दिवसांसाठी, मुलाकडे. वसुधा जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. मुलगा शैलेंद्र कॉर्क बंदराजवळ, रिंगास्किडीच्या औषधांच्या कारखान्यात इंजिनियर. घर शेजारच्या कॅरिगलाइनमध्ये. सून सानिका पुण्याची, डब्लिनच्या एका कंपनीचं काम करणारी. मार्चमध्ये विमानं बंद झाली, व्हिसा आपोआप वाढत गेला, आणि गावंडे इथेच राहिले.

"बाबा, तुम्ही लकी आहात. इथे सेफ आहात," शैलेंद्र म्हणायचा.

बाबा सेफ होते. सकाळी कानटोपी घालून नदीकाठी चक्कर मारायची, दुपारी झोपायचं, सानिकाच्या मीटिंगा संपेपर्यंत वरच्या खोलीत पावसाकडे बघायचं. घरात मराठी होती, पण ती पुण्याची, तीही अर्धी इंग्रजी, आणि वर इथलं 'ग्रँड' पेरलेलं. भाजी ग्रँड, रिपोर्ट ग्रँड, सर्दी झाली तरी आय ॲम ग्रँड. कपाटाला हे लोक प्रेस म्हणायचे.

"शैलू, घरी तं आपलं बोलत जाय बापा," गावंडे एकदा म्हणाले.

"सवय गेली हो बाबा. ट्राय केलं तर नाटकी वाटतं."

ऑक्टोबरात पुन्हा कडक टाळेबंदी लागली तेव्हा सानिकानेच शोध लावला. शैलेंद्रचा मॅनेजर डीक्लन. त्याची बायको ग्रॉन्या, शाळेतून निवृत्त झालेली बाई. तिने गावातल्या लोकांसाठी ऑनलाइन वाचन-मंडळ काढलं होतं. समुद्राच्या पलीकडे स्कॉटलंड, आपले शेजारीच, पण तिथे आज कोण काय लिहितंय ते आपल्याला ठाऊक नाही, असं तिचं म्हणणं. म्हणून नव्या स्कॉटिश कवींचे नवे संग्रह. दर महिन्याला एक कवी आपल्या घरातून येणार, वाचणार, बाकीच्यांनी ऐकायचं.

"बाबा, तुमचा प्रांत आहे हा," सानिका म्हणाली. "अकोल्याला तुम्ही कवींना घाम फोडायचात म्हणे."

"इंग्रजी हाये ना पन थे."

"इंग्रजी नाहीच धड. ही पहिली कवयित्री तिकडच्या किनाऱ्यावरची बोली लिहिते. इथल्या लोकांनाही अर्धंच कळणार. म्हणजे तुम्ही सगळे सारखेच."

त्या कवयित्रीचं नाव मोराग. साठीची बाई, केस पांढरे, आवाज जाड. तिचा संग्रह अजून छापून यायचा होता, त्यातल्या काही कविता सानिकाने गावंड्यांना छापून दिल्या. ते डिक्शनरी घेऊन बसले; डिक्शनरीत निम्मे शब्द सापडेनात. मग त्यांनी जुनीच रीत धरली. कविता मोठ्याने वाचायची, आवाज कानात जाऊ द्यायचा, अर्थ येईल मागून. तीन दिवस वरच्या खोलीतून स्कॉटिश कविता वऱ्हाडी हेलात ऐकू येत होती. सानिका कॉलवर असली की दार लावून घ्यायची.

अर्थ आला. एक कविता आईवर होती. मोरागची आई बंदरावर हेरिंग मासळी साफ करायची. दिवसभर खारं पाणी, हातात सुरी, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. घरी आली तरी हात ओलेच, रात्रीही ओलेच. शेवटी इस्पितळात चादरीवर ठेवलेले हात लेकीने पाहिले, पहिल्यांदाच कोरडे.

वसुधाचे हातही असेच. भांडी, धुणी, सडा, पुन्हा भांडी. अकोल्याच्या इस्पितळात शेवटच्या दिवशी गावंड्यांनी तिचा हात हातात घेतला तेव्हा तो हात त्यांना ओळखूच आला नव्हता. तो कोरडा होता म्हणून, हे त्यांना आज, ह्या परक्या बाईने सांगितल्यावर कळलं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. शैलेंद्र तेव्हा विमानात होता.

वाचनाच्या संध्याकाळी लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या ओट्यावर मांडला, गावंडे कानटोपी घालूनच समोर बसले. पडद्यावर चौकोनच चौकोन, प्रत्येकात एक गोरा चेहरा, प्रत्येकाच्या मागे पुस्तकांची फळी. मोराग वाचू लागली. सगळे चर्चमध्ये बसल्यासारखे गप्प. गावंड्यांना ती शांतता खटकली. बाई एवढं चांगलं वाचतेय आणि कुणी हूं की चूं नाही. मग ती त्या कवितेवर आली. शेवटची ओळ आली. पहिल्यांदाच कोरडे.

"व्वा!" गावंडे म्हणाले. "क्या बात है! परत, परत एकदा!"

बोट वर. पडद्यावरचे सगळे चौकोन दचकले. मोराग थांबली. तिने कागदावरून मान वर केली, आणि गावंड्यांनी पाहिलं, शपथेवर पाहिलं, की तिचा चेहरा अकोल्यातल्या कवीचा होतो तसाच झाला होता. तिने ओळ परत म्हणायला तोंड उघडलं.

तेवढ्यात ग्रॉन्याचा आवाज आला. गोड, शाळेतला. सर्वांनी कृपया आपापले माइक बंद ठेवावेत, ही फार नाजूक कविता आहे. गावंड्यांच्या चौकोनावर लाल खूण आली. मोराग पुढच्या कवितेला लागली.

ह्या इथल्या रीती. गावंड्यांना त्याचं वाईट वाटलं नाही. उलट त्या रात्री ते पोटभर जेवले. "बाई थांबली होती पाह्य," सानिकाला म्हणाले, "ओळ परत म्हननारच होती. कवीले कळते, कोन ऐकून राह्यलं ते."

पुढच्या महिन्याच्या कवितांचं त्यांनी विचारलं, तेव्हा शैलेंद्र म्हणाला, "बंद झालं ते बाबा. ग्रॉन्याला वेळ नाही. कोविडमुळे सगळंच बंद आहे ना."

बंद तर सगळंच होतं. गावंड्यांनी विश्वास ठेवला. हिवाळा काढला. अकोल्याहून फोन यायचे, संमेलनं तिथेही बंद, कवी फोनवर कविता ऐकवू पाहायचे, पण फोनवर माणूस दिसत नाही, ओळ घशातून निघते की ओठातून ते कळत नाही, म्हणून गावंडे म्हणत, "येतो ना मी. समोर बसून ऐकतो."

मार्चमध्ये, पाच किलोमीटरच्या आत फिरायची मुभा असताना, ते नदीकाठच्या वाटेवर होते. समोरून सायकल ढकलत एक बाई आली, ओलांडून पुढे गेली आणि थांबली.

"तुम्ही शेचे वडील ना?" ती इंग्रजीत म्हणाली. शैलेंद्रला इथे सगळे शे म्हणत. "टोपीवरून ओळखलं. म्हणजे तुम्ही परत आलात तर."

"परत?" गावंड्यांना वाटलं, आपलं इंग्रजी कमी पडतंय.

"शे म्हणाला, तुम्हाला विमान मिळालं, तुम्ही नोव्हेंबरातच घरी गेलात. मोरागला किती वाईट वाटलं. ती तुमच्याबद्दल विचारतच होती. पुढच्या वाचनाला तुम्ही हवे होतात तिला. माइक बंद न करता, असं तिने मला बजावलं होतं. बरीच बोलणी खाल्ली मी तेव्हा तिची." ग्रॉन्या मास्कच्या आत हसली. "आता ह्या गुरुवारी तिच्या पुस्तकाचं प्रकाशन आहे, आमच्याच मंडळात. छान झालं तुम्ही भेटलात. पुस्तक दारात ठेवून जाते. त्यात तुमच्यासाठी एक गंमत आहे."

"मंडळ चालू आहे?" गावंड्यांनी विचारलं.

"दर महिन्याला. ग्लासगोचे आले, बेटांवरचे आले. फार मजा येते."

गावंडे घरी आले. चहा घेतला. संध्याकाळी शैलेंद्र कारखान्यातून आला, हात धुऊन जेवायला बसला. वरण वाढून झाल्यावर गावंड्यांनी विचारलं, "शैलू, मी अकोल्याले कधी गेलो रे?"

शैलेंद्रचा घास हातातच राहिला. सानिका म्हणाली, "मी तुला सांगितलं होतं, हे अंगाशी येणार."

"कोण भेटलं?"

"थे मास्तरीन बाई. नोव्हेंबरातच गेलो म्हने मी. पोचलो का नाई नीट, थे इचारून राह्यलो तुले."

"बाबा, टोमणे नका मारू." शैलेंद्रने ताट सरकवलं. "तुम्हाला माहितीये त्या रात्रीनंतर काय झालं? ग्रॉन्याने डीक्लनला सांगितलं, डीक्लनने अख्ख्या टीमला. मी कॉलवर आलो की कुणीतरी वाह-वाह करायचं. रिपोर्ट दिला, वाह-वाह. चहा आणला, वाह-वाह. हसतात हो ते. प्रेमानेच हसतात, पण हसतात. आणि मग ग्रॉन्या म्हणाली, तुमच्या वडिलांना परत आणा. काय म्हणणार होतो मी? तोंडाला आलं ते बोललो. गेले म्हणालो."

"आन मले सांगतलं, मंडळ बंद पडलं."

"हो."

"म्हन्जे तिकडं मले इथून काढलं, आन इथं मंडळ मोडलं. दोन्हीकडची दारं लावली."

"एक संध्याकाळ गप्प बसता आलं असतं ना बाबा? आई मेल्याची कविता होती ती. तिथे कुणी वा म्हणतं का?"

वसुधाच्या हातांचं गावंड्यांच्या ओठांवर आलं होतं. ते म्हणाले, "तिथंच म्हनतेत."

"तुमची ती दाद," शैलेंद्र उठला, आणि उठता उठता त्याची पुणेरी गळून पडली. "तुमच्या एका न म्हनलेल्या वा पायी माही दहावी मेहकरात गेली. तुम्ही साऱ्या गावाले हासत सांगता. मी तिथं नव्या शाळेत मागच्या बाकावर बसून कोनाशी बोलत नोतो, थे नाई सांगत कोनाले. माय पहाटं उठून डबा करे, मी दर रविवारी एस्टीनं अकोल्याले शिकवनीले ये-जा करू. तवा एक वा नाई निंघाला तुमच्या तोंडून. आन इथं, जिथं नाई पाह्यजे, तिथं निंघाला."

मुलगा आपल्या बोलीत बोलला, ते इथे आल्यापासून पहिल्यांदा. गावंड्यांच्या कानाने ते नोंदवलं. वाक्य न् वाक्य खरं पडत होतं.

दुसऱ्या दिवशी शैलेंद्र नरम होता, आणि घाबरलेलाही. ग्रॉन्याने डीक्लनला सांगितलं होतं. डीक्लनने विचारलं, तुझे वडील इथे कसे? शैलेंद्रने सांगून टाकलं की विमान ऐनवेळी रद्द झालं आणि पुढे सांगायचं राहून गेलं. डीक्लन "ग्रँड" म्हणाला, पण नेहमीसारखं नाही.

"तुम्ही गुरुवारी बसा बाबा. प्लीज. तुम्ही आलात की हा विषय संपतो."

"बसतो ना. मले तं ऐकाचंच आहे तिले."

खरंच ऐकायचं होतं. एका बाईने समुद्रापलीकडून आपला कान ओळखला होता, आपल्यासाठी भांडली होती. बुधवारी दारात पुस्तक आलं, कोरं, निळ्या पाठीचं. गावंडे ते घेऊन वर गेले.

आधी त्यांनी आईची कविता काढली. शेवटची ओळ दोनदा छापली होती. एकाखाली एक, जशीच्या तशी. त्यांनी ती वाचून पाहिली. परत म्हणायची ती ओळ बोलताना, समोरच्याने मागितली म्हणून. तेव्हा ती दर वेळी वेगळी निघते. कागदावर दोनदा आली की दुसरी पहिलीचं पाणी करते. एवढी चांगली कविता, आणि तिच्या शेपटाला आपण गाठ मारून ठेवली.

मग गंमत सापडली. पुस्तकाच्या शेवटी नवी कविता होती. तिच्यात पडद्यावरच्या चौकोनात एक भारतीय म्हातारा बसला होता. त्याच्या आवाजाला वेलदोड्याचा वास होता. त्याच्यामागे देवळाच्या घंटा वाजत होत्या, नदीत दिवे सोडले जात होते, आणि तो एखाद्या ऋषीसारखा डोळे मिटून सगळ्या दुःखाला 'वाह' म्हणत होता. कडव्याच्या शेवटी वाह, पुढच्या कडव्याच्या शेवटी परत वाह.

गावंड्यांनी ती मोठ्याने वाचली. कानाला काही लागलं नाही. दुसऱ्यांदा वाचली. मग पुस्तक उताणं ठेवलं. त्या म्हाताऱ्याला पाटबंधारे विभाग ठाऊक नव्हता. त्याने कधी कुणाची बदली ओढवून घेतली नव्हती. तो सगळ्यालाच वाह म्हणत होता. म्हणजे त्याने कधी काही ऐकलंच नव्हतं.

शैलेंद्र वर आला. "वाचली? बाबा, पुस्तकात आलात तुम्ही. कुणाचं एवढं होतं? ग्रॉन्या म्हणाली, त्या ठिकाणी मोराग थांबणार आहे. तुमचा माइक चालू राहील, फक्त तुमचा. तुम्ही वाह म्हणायचं. चार ठिकाणी आहे. सगळ्यांना माहितीये. डीक्लनसुद्धा येतोय, कधी नव्हे तो."

"शैलू, कविता बरी नाई थे."

"नसू दे ना."

"तिची आईवरची पाह्य, थे कविता. ही नाई. यातला मानूस मी नाई बापा."

"बाबा." शैलेंद्र पलंगाच्या कडेला बसला. "मी कधी काही मागितलं तुमच्याकडे? मेहकरलासुद्धा काही बोललो नाही. चार वेळा एक शब्द. संपलं."

गुरुवारी सानिकाने खादीचा कुडता इस्त्री करून आणला. ग्रॉन्याने सुचवलं होतं, काहीतरी पारंपरिक असेल तर बरं दिसेल. "मी ऑफिसात शर्ट-पँट घालत होतो," गावंडे म्हणाले. सानिका म्हणाली, "मला माहितीये बाबा. तुम्हाला नको असेल तर नका घालू." त्यांनी दाराबाहेर उभ्या असलेल्या मुलाकडे पाहिलं आणि कुडता घातला.

बाहेर अजून उजेड होता. पडद्यावर ह्या वेळी चौकोन मावत नव्हते. स्कॉटलंडमधलेही लोक आले होते. मोरागने हात हलवला. "तो बघा आपला माणूस," ती म्हणाली, आणि सगळे चौकोन गावंड्यांकडे बघून हसले. तिने आईची कविता वाचली. शेवटची ओळ वाचली, आणि लगेच तीच परत वाचली, जशी छापली होती तशी. गावंड्यांचा माइक उघडा होता. त्यातून काही गेलं नाही. ते बोट वर करणार होते, पण मागायचं काय, ती तर आधीच देऊन मोकळी झाली होती.

मग शेवटची कविता आली. पहिलं कडवं संपलं. मोराग थांबली, मान वर केली, आणि वाट बघू लागली.

ऑक्टोबरातही ती अशीच थांबली होती. तेव्हा तिचे डोळे उघडे पडले होते, आता ते तयार होते. गावंड्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग नजर वर गेली, छताकडे. इथल्या घरांना पंखे नसतात. वर एक पांढरा गोल दिवा होता.

ग्रॉन्याचं हसू चौकोनात गोठलं. डीक्लनने खुर्चीत कूस बदलली. "ऐकू येतंय ना त्यांना?" कुणीतरी विचारलं.

लॅपटॉपच्या पलीकडे, कॅमेऱ्यात न येता, शैलेंद्र उभा होता. त्याने खूण केली नाही, हात जोडले नाहीत, काही नाही. फक्त बापाकडे बघत होता. चाळिशीला आलेला माणूस, कपाळावरचे केस गेलेले, आणि तोंडावर नव्या शाळेत पहिल्या दिवशी उभ्या केलेल्या पोराची कळा. ही कळा तेव्हा गावंड्यांनी पाहिलीच नव्हती. ते तेव्हा मेहकरच्या नव्या साहेबाचं डिक्टेशन घेत होते.

"वाह," गावंडे म्हणाले.

ओठातून निघाला तो. पडद्यावर पिवळे हात टाळ्या वाजवू लागले, लाल बदाम उडाले. मोरागने छातीवर हात ठेवला आणि पुढचं कडवं घेतलं. ती थांबली, गावंडे वाह म्हणाले. ती थांबली, ते म्हणाले. शेवटच्या खेपेला त्यांनी वाहच्या पुढे "क्या बात है" जोडलं, आणि डोळेही मिटून घेतले. ते कुणी मागितलं नव्हतं.

फार छान झालं म्हणे. डीक्लनने शैलेंद्रला रात्रीच निरोप पाठवला, तुझा म्हातारा म्हणजे लेजंड आहे. शैलेंद्रने तो दोनदा वाचून दाखवला. त्याने स्वतः चहा केला, बाबांना नेऊन दिला आणि त्यांच्याजवळ बसून म्हणाला, "भल्लं झालं बाबा आज. लोकं तुमचंच बोलून राह्यले." गावंड्यांना वाटलं, आता आईच्या हातांचं ह्याला सांगावं. पण त्यांचा आवाज त्यांनाच बरा वाटेना. आत्ता तोंडातून जे निघेल ते कसं निघेल, याची खात्री नव्हती. ते म्हणाले, "हो, छान झालं." आणि चहा प्याले.

सोमवारी कारखान्यात पुन्हा वाह-वाह सुरू झालं. ह्या वेळी शैलेंद्रही त्यात होता. ग्रॉन्याने पुढच्या महिन्याच्या जाहिरातीत गावंड्यांचा कुडत्यातला फोटो टाकला आणि नव्या कवीचं पुस्तक दारात ठेवून गेली. ग्लासगोचा तरुण कवी होता, पहिलाच संग्रह. सानिकाने ते वर नेऊन दिलं. चार दिवसांनी कपडे ठेवायला गेली तर पुस्तक खिडकीत तसंच होतं, पाकिटातून न काढलेलं. गावंडे पलंगावर बसून नदीच्या वाटेकडे बघत होते.

"बाबा, गुरुवारी आहे ना वाचन? वाचलं नाहीत अजून?"

"कायले वाचाचं?" गावंडे म्हणाले. "थो थांबला का वाह म्हनाचं."